आतून कडी

"दार मोडावं लागलं, ताई." विनायकचं फोनवरचं पहिलं वाक्य हे. नर्मदाआत्या गेली, हे त्यानं नंतर सांगितलं. विनायक माझा चुलतभाऊ. तुळजापूरचं आमचं घर आणि घराकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं देवीचं उपाध्येपण तोच सांभाळतो. सकाळी त्याची बायको सुनीता चहा घेऊन परसातल्या खोलीकडं गेली. हाका मारल्या, दार वाजवलं. आत्या उठेना, आणि कडी आतून. शेवटी शेजारच्या दोघांना बोलावून बिजागऱ्या उचकटल्या... आत्या नेहमीसारखी भिंतीकडं तोंड करून कुशीवर झोपलेली होती. विनायकच्या आवाजात दुःखाइतकीच तक्रार होती. "एवढ्या वयाच्या बाईनं आतून कडी लावून झोपायचं का? किती वेळा सांगितलं. ऐकायचीच नाही." त्या कडीचं कारण मला माहीत होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

आता सव्वा महिना होऊन गेला. दिवसकार्य झालं, भेटायला येणारे येऊन गेले. गावातल्या वर्तमानपत्रात तिच्या फोटोखाली 'मनमिळाऊ आणि धार्मिक वृत्तीच्या' असं छापून आलं. ते वाचून माझं डोकं फिरलं. मनमिळाऊ ती अजिबात नव्हती. चुकीचं बोलणाऱ्याला ती भर पंगतीत टोकायची. आणि धार्मिक म्हणाल तर देवीशी तिचं शेजारणीसारखं होतं, कधी अबोला तर कधी गप्पा. जी बाई होती ती राहिली बाजूला आणि फोटोखाली कुणी भलतीच येऊन बसली, म्हणून हे लिहायला घेतलं.

आत्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. लग्न होऊन हैदराबादला गेली. यजमान एका छापखान्यात होते. त्यांना बायकोनं शिकावं असं वाटायचं, म्हणून ती तिथंच शिकत गेली. गणित, भूगोल, इतिहास सगळं उर्दूतून. मॅट्रिक झाली आणि त्याच वर्षी विषमज्वरानं यजमान गेले. बाहेर रझाकारांची धामधूम चालू होती. अण्णा जीव मुठीत धरून हैदराबादला गेले आणि बहिणीला घेऊन आले. त्या प्रवासाबद्दल दोघांपैकी कुणीच कधी काही बोललं नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, शाळांमधून उर्दू जाऊन मराठी आली आणि शिकवायला माणसंच मिळेनात. तेव्हा गावातल्या शाळेत आत्याला घेतलं. मुलींच्या वर्गाला बाई मिळाली म्हणून लोक खूश, आणि बाई घरातूनच येतेय-जातेय म्हणून अण्णाही खूश. तिचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं, त्यामुळं नोकरी मात्र तात्पुरती.

तिच्या वर्गात मी बसलेली आहे. जगाच्या इतिहासाच्या पुस्तकात अमेरिकेवर एक धडा होता. कारखाने कसे उभे राहिले, रेल्वे कशी पसरली, कामगारांचे संप, आणि बोटी भरभरून येणारे परदेशी लोक. धड्याच्या शेवटी चौकटीत शब्द दिलेले असायचे. संप, टाळेबंदी, मक्तेदारी, काळी यादी, संपफोडे, स्थलांतरित. इतर मास्तर ते शब्द अर्थासकट पाठ करून घ्यायचे. आत्याला ते जमायचं नाही, कारण तिच्या डोक्यात ते सगळे उर्दूतून बसलेले, आणि पुस्तकातलं मराठी तिला आमच्याइतकंच परकं. मग तिनं स्वतःची एक रीत काढली. शब्द फळ्यावर लिहायचा आणि म्हणायचं, "आता हा घरी घेऊन जा. आपल्या घरात, आपल्या गल्लीत हा कुठं सापडतो ते उद्या सांगायचं. पुस्तकातलं बिलकुल नको." आणि मुली सांगायच्या! 'काळी यादी'ला एकजण म्हणाली होती, "आमच्या थोरल्या ताईनं बघायला आलेल्यांना उलट उत्तर दिलं बाई, तर आता कळंबपतुर कुणी तिला बघायला येईना झालंय." 'मक्तेदारी'ला मीच उठून सांगितलं की आमच्याकडं देवीला येणारे यजमान पिढ्यान्‌पिढ्या आमचेच, त्यांना दुसऱ्या उपाध्यांकडं उतरता येत नाही. हे अण्णांच्या कानावर गेलं तेव्हा ते दोन दिवस आमच्याशी धड बोलत नव्हते.

एक शब्द मात्र चौकटीत नव्हता, तो आत्यानं स्वतः घातला होता. 'कंपनीचं गाव'. तिनं समजावून सांगितलं, की तिकडं खाणमालक अख्खं गावच वसवायचे. घर मालकाचं, दुकान मालकाचं, दवाखाना मालकाचा. पगार मिळायचा तोही त्याच दुकानात परत जायचा. कुणी हाकलून देत नाही, कुणी बांधून घालत नाही, पण सोडून जायचं म्हटलं तर पायाखालची जमीनसुद्धा दुसऱ्याची. दुसऱ्या दिवशी तामलवाडीची एक मुलगी उठली. ती गावातच मामाकडं राहायची आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. म्हणाली, "बाई, म्हंजे सासर." सगळा वर्ग हसला. आत्या हसली नाही. "बरोबर आहे. बस खाली," म्हणाली, आणि फळ्याकडं वळून उगाचच पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिली. मला तेव्हा वाटलं होतं की आत्याला तर सासर नाही, मग तिला एवढं काय लागलं.

तिचा दिवस कसा जायचा ते आता आठवलं की समजतं. आमच्याकडं वर्षभर यजमान यायचे. आमच्या भागात उपाध्यांचे यजमान म्हणजे देवीला येणारी, आमच्याकडंच उतरणारी घराणी. सोलापूरकडची, कर्नाटकातली, गाड्या भरून माणसं यायची. त्यांच्या पूजा अण्णा सांगायचे, आणि नैवेद्याचं पुरणावरणाचं आमच्या घरच्या बायका करायच्या. आत्या पहाटे उठून सोवळ्यात पुरण शिजवायची, ते वाटून द्यायची, मग कोरडं पातळ नेसून शाळेत जायची, आणि शाळेतून आली की पुन्हा चुलीपुढं. आई आणि काकू होत्याच, पण पोळ्या आत्याच्या. यजमान नाव घेऊन मागायचे. तिचा पगार अण्णांच्या हातात जायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, तिलासुद्धा नाही. घर एकच होतं ना!

त्या वर्षी हेडमास्तरांनी तिला सांगितलं, की औरंगाबादला ट्रेनिंगचं वर्ष आहे, बायकांसाठी राहायची सोय आहे, दिवाळीनंतर मी नावं पाठवणार. ट्रेनिंग झालं तर तुम्ही कायम व्हाल, पुढंमागं मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकासुद्धा व्हाल. फक्त तुमच्या भावानं एकदा शाळेत येऊन 'हो' म्हणावं. आत्या घरी आली ती पंख फुटल्यासारखी. मी तिला गुणगुणताना त्या एकाच संध्याकाळी ऐकलंय. अण्णा संध्या आटोपून पाटावरनं उठले तेव्हा तिनं विषय काढला.

"वर्षाचंच आहे, अण्णा. सुट्टीत येत जाईन मी."

"आणि इकडं? नवरात्रात, पुनवेला पोळ्या कोण करील? तुझ्या दोघी वहिनींना झेपणार आहे का?"

"एवढंच कारण आहे का?"

"एवढंच म्हणतेस? घर चालतं ते त्याच्यावर."

नवरात्र आलं, गेलं. दसरा झाला. दसऱ्यानंतर आमची देवी पौर्णिमेपर्यंत पलंगावर झोपते. महिषासुराशी लढून दमते म्हणून तिची ती श्रमनिद्रा. देवी झोपलेली, पण गाव झोपत नाही, कारण पुनवेची सगळ्यांत मोठी गर्दी तोंडावर आलेली असते. आमच्या घरात तर भांड्याला भांडं लागायला जागा नसायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई, काकू आणि आत्या तिघी परसात डाळ निवडत बसल्या होत्या. मी जवळच होते. आत्या आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, "देवीलासुद्धा श्रमनिद्रा आहे. आपल्याला काय आहे?" काकू हसून म्हणाली, "आपल्याला कावळा." आणि आत्याचा डाळ निवडणारा हात थांबला.

नव्या वाचकांसाठी सांगायला हवं. पाळी आली की 'कावळा शिवला' म्हणायचे, आणि ती बाई तीन दिवस बाहेर बसायची. आमच्याकडं परसात गोठ्याला लागून एक खोली त्यासाठीच होती. तिला खिडकी नव्हती. एक कांबळं, एक तांब्या, एक ताट. तीन दिवस त्या बाईनं कशाला शिवायचं नाही, आणि म्हणून तिला कुणी काम सांगायचं नाही. आमच्या घरात बाईला बसून राहायची मुभा असलेली ती एकच जागा. आणि तिथं जायला कुणाची इजाजत लागत नव्हती. खरं की खोटं हे कुठल्या पुरुषानं विचारायचं? विचारायची सोयच नव्हती.

आत्यानं जे सुचवलं ते ऐकून आईच्या हातातलं सूप खाली पडलं. "वन्सं, देवीच्या घरात असलं खोटं? ऐन पुनवेला?"

"वहिनी, देवी झोपलीय."

काकू तोंडाला पदर लावून खिदळायला लागली. काका कळंबला शाळेत कारकून होते, सणावारापुरते घरी यायचे. काकूला इथं तिसरं बाळंतपण होऊन वर्षही झालं नव्हतं, विनायक अंगावर पीत होता. ती म्हणाली, "मला तीन दिवस झोपायला मिळणार असंल तर मी आजच बसते." आई मात्र दोन दिवस मानेना. शेवटी कशानं मानली ते मला माहीत नाही, पण बाहेर बसायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर मोरीत भांडी घासताना ती एकदम म्हणाली, "नर्मदाबाई, तुम्ही जा औरंगाबादला. कुणीतरी एकीनं जायला पायजे."

मीही येते म्हणून हट्ट धरला. मी तेव्हा अजून तशी मोठी झाले नव्हते, पण खोटंच बोलायचं तर मी का नको? आत्यानं माझा कान धरला. "तू बिलकुल नको. तू एकदा बसलीस की उद्या तुझी पत्रिका फिरायला लागेल. तू आत राहा. निरोप कोण नेईल?"

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा आंघोळ करून आले तर चूल थंड. मी एकटी फुंकणी घेऊन चहाच्या खटपटीत.

"तुझी आई?"

"बाहेर बसलीय."

"मग काकू?"

"काकूपण."

अण्णा थोडा वेळ ओल्या धोतरातच उभे राहिले. "आणि नर्मदा?" मी मान हलवली. "तिघी? एकदम?" मी म्हटलं, मला काय माहीत. ते परसाच्या दारापर्यंत गेले, खोकले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा खोकले. आमचे अण्णा चांगले धिप्पाड, आवाज असा की मंत्र म्हणायला लागले तर गल्ली ऐकायची. पण त्या दाराशी त्यांचा आवाज फुटेना. शेवटी मलाच म्हणाले, "विचार तिला, पुनवेचं काय करायचं." मी अंगण ओलांडून विचारलं. आतून आत्याचा आवाज आला, "सांग अण्णांना, औरंगाबादचं काय ठरलं?"

अण्णांना समजलं. ते मला तेव्हाच दिसलं. चेहऱ्यावर राग आला, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते मला ओळखता आलं नाही. त्या दिवशी त्यांनी आणि काकांनी मिळून यजमानांना पिठलं-भात घातला. सोलापूरची मंडळी वर्षाच्या पुरणपोळीसाठी आलेली. एक म्हातारी ताटाकडं बघून म्हणाली, "बाबा, यंदा देवीचा उपास हाय का काय?" मी ते खोलीत जाऊन सांगितलं तेव्हा तिघी हसून हसून लोळल्या. त्या अंधाऱ्या खोलीत, शेणाच्या वासात, ऑक्टोबरच्या उकाड्यात, मी त्या तिघींना जितकं हसताना बघितलं तितकं आयुष्यात पुन्हा कधी बघितलं नाही. काकू बाळाला पाजायची आणि झोपायची, पाजायची आणि झोपायची.

पण तीनच दिवस होते. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन आत यावंच लागतं, त्यापुढं बसलं तर खोटं उघडं पडतं. असा संप जगात कुठं झाला नसेल, ज्याची मुदत मालकालाही ठाऊक असते. अण्णांना फक्त थांबायचं होतं. पण पुनव तिसऱ्या दिवशी होती आणि थांबणं त्यांनाही परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आळंदकडच्या यजमानांच्या गाड्या आल्या. त्यांच्याबरोबर एक बाई होती. विधवेचं लाल आलवण, हातात एक गाठोडं, वय आत्याएवढंच असेल. तिला कुणी नव्हतं, कुठं काम मिळालं तर बघा म्हणून त्यांनी तिला गाडीत घेतलेलं. अण्णांनी तिला परसाच्या दारात उंबऱ्याबाहेर उभं करून विचारलं, कुणाची, गोत्र काय, स्वयंपाक सोवळ्यातला येतो का, काही आजारबिजार आहे का. तिला मराठी जेमतेम कळत होतं. ती प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती आणि हात पुढं करून दाखवत होती, की बघा, हात चांगले आहेत. आत्यानं खोलीच्या दाराच्या फटीतून हे बघितलं. आम्हाला तिनं वर्गात सांगितलेलं होतं, की अमेरिकेच्या बंदरावर बोटीतून उतरणाऱ्यांना असंच रांगेत उभं करून तपासायचे, आणि कुणात खोट दिसली तर त्याच्या कोटावर खडूनं खूण करायचे. मी ताटं ठेवायला गेले तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "सुमे, बोट लागली गं."

तासाभरात घरातून पुरणाचा वास यायला लागला. वेलची, गूळ, तुपावर पडलेली पोळी. त्या खोलीत बसून तो वास घेणं म्हणजे काय असेल... आईनं तर डोळेच पुसले. काकू चिडली. "कोण ही भटकभवानी? हिच्या हातावर तापलेला तवा पडो!" त्यावर आत्या एवढी कडाडली की बाळ जागं झालं. "तिला शिव्या द्यायच्या नाहीत! बोटीतून उतरलेल्या माणसाला इथं हरताल चाललाय हे कोण सांगतं? तिला भूक आहे. तिनं भाकरी बघितली." थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, "तिच्या जागी मी असते तर मीपण आले असते."

पुनव पार पडली. पद्मक्काच्या पोळ्या, ती बाई म्हणजे पद्मक्का, आत्याइतक्या पातळ नव्हत्या, पण यजमान जेवून तृप्त झाले. देवी पलंगावरून उठून सिंहासनावर बसली. चौथ्या दिवशी आमच्या तिघी न्हाऊन घरात आल्या. आई कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. आत्या मात्र ओले केस पाठीवर सोडून सरळ अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. मला आठवतंय, तिच्या तोंडावर हरल्याची खूणही नव्हती. उलट ती खुशीत होती. तिला वाटलं होतं, आपण हरता हरता जिंकलो.

"अण्णा, स्वयंपाकाला बाई मिळाली. आता पोळ्यांचं अडत नाही. मग जाऊ मी?"

अण्णा उपरणं घडी करत होते. घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"नर्मदे, पोळ्यांचं कुठं होतं ते."

"मग कशाचं होतं?"

"एकदा आणायला गेलो होतो मी तुला." त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "ती गाडी, ती स्टेशनं... तू माझा हात सोडत नव्हतीस. दुसऱ्यांदा मला जायचं नाही. माझ्यानं व्हायचं नाही. तू रागाव, काही कर. पण इथं राहा."

मी खांबाला टेकून उभी होते. वाटलं, आता आत्या भांडेल. तिच्याजवळ एवढे शब्द होते. पण ती बघतच राहिली. चुलीची अडचण असती तर ती दूर करता आली असती. रागावर राग काढता आला असता. ह्याचं काय करणार? भाऊ समोर उभा, डोळ्यांत पाणी, आणि त्याच्या प्रेमातून बाहेर पडायला दार नाही. कितीतरी वर्षांनी ती मला म्हणाली होती, "अण्णा वाईट नव्हते गं. वाईट असते तर मी गेले असते." मला मात्र अण्णांचा आजही राग येतो, आणि त्यांची दयाही येते, आणि दोन्ही एकदम येतात म्हणून जास्तच राग येतो.

मग आत्या शाळेतल्यासारख्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे. मग तडजोड करू. सुमन मॅट्रिक झाल्याशिवाय तिचं लग्न काढायचं नाही. आणि पुढं शिकते म्हणाली तर तिला औरंगाबादला पाठवायचं."

"बघू."

"बघू नाही, अण्णा. हो म्हणा."

अण्णा माझ्याकडं बघत 'हो' म्हणाले.

"आणि बाहेरच्या खोलीला आतून कडी बसवायची."

अण्णा एवढ्या सगळ्यात पहिल्यांदा हसले. त्या खोलीला तोवर फक्त बाहेरून साखळी होती. "आतून? त्या खोलीत चोरी करायला कोण येणार आहे?"

"वह्या तपासताना वाऱ्यानं दार उघडतं," आत्या म्हणाली.

त्याच आठवड्यात गाडीच्या चाकाच्या कामाला सुतार आलेला होता, त्यानं कडी ठोकली. अशी मी औरंगाबादला गेले. मॅट्रिक झाले, कॉलेज केलं, पुढं तिथंच इतिहास शिकवत निवृत्त झाले. माझं सगळं आयुष्य त्या सकाळच्या तडजोडीतलं एक कलम आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, कोण जाणे. पण कॉलेजच्या पहिल्या दिवशी, वसतिगृहातल्या खाटेवर बसल्यावर, मला आनंद झाला नाही. ही खाट दुसऱ्या कुणाची तरी आहे असं वाटून मी रडत बसले होते.

आत्या तात्पुरतीच राहिली. पुढं ट्रेनिंग झालेले शिक्षक येत गेले, ती मागं सरकत गेली. आधी वरचे वर्ग गेले, मग इतिहास गेला. शेवटची वर्षं ती पहिलीच्या मुलांना मुळाक्षरं गिरवून घ्यायची. पण सुट्टीत मी आले की माझी पुस्तकं हिसकावून घ्यायची आणि विचारायची, "नवीन काय शब्द आला?" पद्मक्का आमच्याकडंच राहिली, आमच्याकडंच म्हातारी झाली. आत्यानं तिला मराठी वाचायला शिकवलं, त्याच खोलीत. "नर्मदक्का, मला काय ठावं होतं? कामाला बोलिवले, आले," असं ती पुढं कित्येक वर्षं म्हणायची, आणि आत्या दर वेळी म्हणायची, "बरं केलंस. पुढचा धडा वाच."

हळूहळू बाहेर बसण्याची चाल घरातून गेली. खोली रिकामी पडली, तशी आत्यानं ती घेतली. बाहेर बसायचं वय सरून गेल्यावरही ती रोज दुपारी तिथं जायची. गल्लीतल्या मुली यायच्या, त्यांच्याशी ती तोच खेळ खेळायची, की शब्द घरी घेऊन जा. मुली गेल्या की आतून कडी. आमच्या घरात सतत कुणीतरी कुणाला तरी हाक मारत असतं. त्या कडीचा खट् आवाज झाला की तिला कुणी हाक मारायचं नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. मागच्या उन्हाळ्यात मी भेटले तेव्हा तिला फारसं दिसत नव्हतं. मी खोलीत तिच्याजवळ बसले होते. तिनं हात लांब करून दार लोटलं, चाचपत कडी लावली आणि म्हणाली, "हं, आता बोल." मी म्हटलं, "आत्या, तुला इथं कोंडल्यासारखं होत नाही?" ती म्हणाली, "कोंडल्यासारखं तर सगळ्या घरात होतं गं. इथं निदान मी माझ्या हातानं कोंडून घेते." आणि मग हसली, पण फार नाही.

सव्वा महिन्याच्या दिवशी मी तुळजापुरात होते. विनायकनं सुतार बोलावला होता, मोडलेलं दार नीट करायला. आत्याचं कांबळं उन्हात टाकलेलं होतं. जुनी कडी वाकून जमिनीवर पडली होती, मधोमध बोटांनी झिजलेली. आता खोलीत यजमानांची भांडी ठेवायची असं विनायकनं ठरवलं होतं. सुनीता यजमानांचा स्वयंपाक अर्धा टाकून पाणी द्यायला आली होती. तिच्या कोपरापर्यंत कणीक होती. सुतारानं नवी कडी हातात घेऊन विचारलं, "कुठून बसवू? भायेरून का?"

"बाहेरूनच," विनायक म्हणाला. "कुलूप घालता येईल. आतून कशाला? आता आत कोण बसणार आहे?"

मी तोंड उघडणार होते. पण माझ्या आधी सुनीता बोलली. विनायककडं न बघता, दाराकडं बघत, अगदी हळू.

"आतूनच बसवा," ती म्हणाली.